चमत्कारिक हॉटेलात घरचा वाढदिवस: ठरवण्यापासून बिलापर्यंत

बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला आम्ही त्यांना एका अशा हॉटेलात नेलं, जिथे वेटर मुद्दाम उद्धट वागतात. तीच त्या जागेची ख्याती. आम्हा भावंडांना ते ठाऊक होतं. बाबांना सांगितलं नव्हतं, कारण सरप्राइज होतं. वेटरने मेन्यू टेबलावर आपटला आणि म्हणाला, "काका, लवकर बोला, मला आज दुसरीही कामं आहेत." बाबांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि एक शब्दही न बोलता बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना परत आत आणायला वीस मिनिटं लागली. तोवर तो वेटर आमच्याहून जास्त घाबरला होता आणि सारखा विचारत होता, "काका खरंच रागावले का?"

यात ना वेटरची चूक होती, ना हॉटेलची. हॉटेल आम्ही आमच्या गमतीसाठी निवडलं होतं आणि वाढदिवस मात्र बाबांचा होता. पुढे घरातले बरेच वाढदिवस अशाच विचित्र जागी झाले आणि बहुतेक छान झाले. त्यात जे जमलं, जे फसलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. साध्या हॉटेलात यातलं निम्मं नाही केलं तरी चालतं. विचित्र हॉटेलात नाही चालत, कारण तिथे जागेचे स्वतःचे हट्ट असतात आणि वाढदिवसाचेही असतात.

आधी तऱ्हा ओळखा

"एकदम हटके जागा आहे" एवढ्यावर काही ठरवू नका. नेमकं काय हटके आहे, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. माझ्या हिशेबाने या जागांच्या चार जाती असतात आणि प्रत्येकीचा त्रास वेगळा.

पहिल्या जातीत जागाच विचित्र. जुना रेल्वेचा डबा, मोडीत काढलेलं विमान, तळघर, झाडावरचं मचाण. मालदीवमध्ये २००५ साली समुद्रसपाटीखाली सुमारे ५ मीटरवर रेस्टॉरंट सुरू झालं, ते याच जातीचं. मनोऱ्यावरची फिरती रेस्टॉरंटं तर फार आधीची: डॉर्टमुंडला १९५९ मध्ये, सिअॅटलच्या स्पेस नीडलवर १९६२ मध्ये. अशा ठिकाणी त्रास शरीराला होतो. जिने, अरुंद वाट, उंची, कोंदटपणा. (फिरत्या रेस्टॉरंटचा एक खास धोका: बहुतेक ठिकाणी टेबलांची जमीन फिरते, खिडकीचा कट्टा फिरत नाही. आत्याने पर्स कट्ट्यावर ठेवली आणि सूप येईपर्यंत ती चार टेबलं मागे गेली होती. ती परत फिरून येईल म्हणून आत्या निवांत होत्या. पर्स येत नाही, आपण तिच्यापर्यंत जातो, तेही तासाभराने.)

दुसऱ्या जातीत माणसं विचित्र वागतात. उद्धट वेटर, सोंगं घेतलेले वेटर, मध्येच नाटक सुरू करणारे वेटर. इथे त्रास मानाला होतो, आणि तो वयस्कर माणसांना आणि अगदी लहान मुलांना सगळ्यात जास्त.

तिसऱ्या जातीत जेवायची रीतच उलटी. काळोखात जेवायचं, चमच्यांशिवाय जेवायचं, सरकत्या पट्ट्यावरून बशी उचलायची. हा सरकता पट्टा १९५८ साली जपानमधल्या ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी पहिल्यांदा आणला. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ते सुचलं म्हणतात. काळोखात जेवण्याचं पहिलं कायमस्वरूपी रेस्टॉरंट झुरिकला १९९९ मध्ये उघडलं. तिथले वाढपी दृष्टिहीन असतात आणि त्या दोन तासांपुरते डोळस गिऱ्हाईकच परावलंबी होतात. कल्पना म्हणून मला ती फार आवडते. वाढदिवसासाठी मात्र दहादा विचार करा. फोटो नाही, केक दिसत नाही, भेटवस्तू उघडता येत नाही आणि उत्सवमूर्तीचा चेहराही दिसत नाही.

चौथी जात गल्लीतल्या विक्षिप्त मालकाची, आणि घरच्या वाढदिवसाला मला हीच सगळ्यात आवडते. भिंतभर जुनी घड्याळं, छताला टांगलेल्या सायकली, एकाही खुर्चीचा दुसरीशी मेळ नाही, आणि दारावर मालकाच्या हस्तलिखित सूचना: फोनवर बोलू नये, घाई करू नये, मीठ मागू नये. मेन्यू नसतोच, मालक येऊन तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही काय खाणार ते सांगतो. पदार्थ संपला की दिवे बंद. ही तऱ्हा कोणी ठरवून रचलेली नसते. मालकाचा स्वभावच तसा असतो. त्यामुळे इथे सगळं मालकाशी असलेल्या ओळखीवर चालतं. ओळख झाली तर तो तुमच्यासाठी नियम मोडेल. नाही झाली तर दहा माणसांचं बुकिंग असूनही तो "आज मूड नाही" म्हणू शकतो. अशा मालकाला फोनवर "पार्टी आहे" असं सांगू नका. बहुतेकांना त्या शब्दाचीच चीड असते. "आईचा वाढदिवस आहे, आम्ही घरचे आठ जण आहोत, तुमच्याकडेच यायचंय" असं सांगा.

टेबलावर सगळ्यात अवघडलेलं कोण असेल?

तऱ्हा कळली की पाहुण्यांची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: ऐकू किती येतं, दिसतं किती, चालता किती येतं, काय खाऊन चालत नाही. सगळ्यांची मतं गोळा करत बसू नका, त्याला अंत नसतो. ज्याला ती जागा सर्वांत जड जाईल असा एकच माणूस शोधा. त्याला चालत असेल तर सगळ्यांना चालेल. आणि तो माणूस म्हणजे स्वतः उत्सवमूर्ती निघाला, तर दुसरी जागा बघा, कितीही भारी असली तरी.

आवाज हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. विचित्र हॉटेलांत बहुधा पत्र्याच्या, काचेच्या, उघड्या विटांच्या भिंती असतात आणि आवाज शोषून घेणारं काहीच नसतं. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं आणि दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, मग शेजारचं टेबल आणखी मोठ्याने. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला आजही लोंबार परिणाम म्हणतात. श्रवणयंत्र लावणाऱ्या माणसाला या कोलाहलातून समोरच्याचा आवाज वेगळा काढता येत नाही. तो हसून मान डोलावत राहतो. आमच्या आजीने असे दोन वाढदिवस नुसती मान डोलावून काढले आणि आम्ही समजत होतो की ती मजेत आहे.

मग प्रकाश. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तुम्हाला जी जागा 'मंद रोमँटिक' वाटते, ती मामांना अंधारकोठडी असते. मेन्यूचा फोटो आदल्या दिवशीच त्यांच्या फोनवर पाठवून द्या, मोठा करून वाचतील. लुकलुकणारे झगमग दिवे असतील आणि घरात कोणाला अपस्मार असेल, तर आधी त्यांना स्वतःला विचारा. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांनाच अशा दिव्यांनी झटका येतो, पण ते तीन टक्के आपल्या टेबलावर आहेत की नाहीत हे त्या संध्याकाळी शोधायचं नसतं.

चाकाची खुर्ची असेल तर "हो हो, येईल ना" या उत्तरावर विसंबू नका. दार किमान ८० सेंटिमीटर रुंद हवं, उताराचं प्रमाण १ ला १२ हवं, म्हणजे एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबीचा उतार. खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटर मोकळी जागा लागते, आणि ती स्वच्छतागृहातही लागते. तिथेच सगळे विसरतात.

खाण्यातली अॅलर्जी, पथ्य आणि नावड या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हॉटेलला त्या निरनिराळ्याच सांगा. "वांगं आवडत नाही" आणि "शेंगदाण्याने घसा सुजतो" हे एकाच दमात सांगितलं, तर स्वयंपाकघरात दोन्हींना सारखंच वजन मिळतं. युरोपात अॅलर्जीच्या १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं बंधनकारक आहे. शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडं, गहू, सोया, तीळ, मासे, कोळंबी-खेकडे हे त्यातले नेहमीचे. अॅलर्जी असेल तर पदार्थात काय आहे एवढंच विचारून भागत नाही. तेच तेल, तोच झारा, तीच सुरी दुसऱ्या पदार्थाला वापरतात का, हेही विचारा. मालकच ताटात काय वाढायचं ते ठरवतो, अशा जागी तर हे दोनदा सांगा: एकदा फोनवर, एकदा बसल्यावर.

एकदा जाऊन या, पण त्याच वारी, त्याच वेळी

मंगळवारी दुपारी पाहिलेलं हॉटेल आणि शनिवारी रात्री आठचं हॉटेल यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. वाढदिवस शनिवारी असेल तर आधीच्या शनिवारी त्याच वेळी दोघांनी जाऊन काहीतरी थोडंसं खाऊन या. फोनवर आवाज मोजण्याचं अॅप मिळतं. आकडा ७५ च्या वर राहत असेल, तर आजी-आजोबांना घेऊन तिथे गप्पा होणार नाहीत. अॅप नको असेल तर सोपी परीक्षा आहे. हातभर अंतरावरच्या माणसाला तुमचं वाक्य दुसऱ्यांदा सांगावं लागलं, तर जागा गोंगाटाची.

ऑर्डर दिल्यापासून पहिली बशी येईपर्यंत किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा. दोन माणसांना पंचवीस मिनिटं लागली असतील, तर बारा माणसांना किती लागतील याचा अंदाज येतो. खुर्च्यांवर स्वतः अर्धा तास बसा. अशा हॉटेलांत पिंपं, झोपाळे, लाकडी ओंडके, पाठ नसलेली स्टुलं फार असतात. फोटोत छान दिसतात, पण कंबर दुखणाऱ्या माणसाला दोन तास शिक्षा होते. टेबलापासून स्वच्छतागृहापर्यंत स्वतः चालत जा आणि वाटेतल्या पायऱ्या मोजा. फोनला रेंज येते का बघा, म्हणजे लांबच्या भावंडांना व्हिडिओ कॉल लावता येईल. तळघरात बहुतेकदा येत नाही. आणि पैसे कसे घेतात ते विचारा, कारण फक्त रोख घेणारे विक्षिप्त मालक अजून बरेच आहेत.

एवढं करूनही मन होकार देत नसेल तर सोडून द्या. आगाऊ रक्कम भरली आहे म्हणून न पटलेल्या जागी सगळ्या घरादाराला ओढून नेण्यात काही अर्थ नाही.

फोनवर काय ठरवायचं

माणसांचा आकडा सांगताना लहान मुलं आणि उंच खुर्च्या वेगळ्या सांगा. तुमच्या वेळेनंतर टेबल दुसऱ्या कोणाला दिलं आहे का हे विचारा. वाढदिवसाच्या जेवणाला साध्या जेवणाहून अर्धा-पाऊण तास जास्तच लागतो, आणि केक कापायच्या वेळी पुढचे लोक दारात ताटकळत उभे असले की सगळ्यांचाच विरस होतो. काही खेळ, नाटक, गाणं ठरलेल्या वेळी असतं का? असेल तर ते सुरू व्हायच्या आधी मुख्य जेवण टेबलावर आलेलं हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "वाढदिवस म्हटलं की तुम्ही काय काय करता?" हे जरूर विचारा. काही ठिकाणी दिवे घालवून ढोल वाजवतात, काही ठिकाणी डोक्यावर विचित्र टोपी घालतात, काही ठिकाणी खुर्चीवर उभं करतात. यातलं काय हवं आणि काय नको, ते तुम्ही ठरवून सांगा. हॉटेलवाले बहुतेक ऐकतात. त्यांना कोणी सांगतच नाही.

टेबलाचा आकार हा वरवर क्षुल्लक वाटणारा आणि संध्याकाळ घडवणारा-बिघडवणारा मुद्दा आहे. माणशी ६० सेंटिमीटर रुंदी लागते. आठ जणांना दीड मीटर व्यासाचं गोल टेबल पुरतं, दहा जणांना १८० सेंटिमीटरचं. त्याहून मोठं गोल टेबल झालं की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. आणि टेबल कसंही असलं तरी मोकळ्या गप्पांचा गट साधारण चार जणांपुरताच टिकतो, पाचवा आला की गट फुटतो. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लोकांच्या गप्पा मोजून हे दाखवलं आहे. तेव्हा बारा जण म्हणजे एक मेजवानी नव्हे, त्या तीन मेजवान्या. उत्सवमूर्तीला लांब टेबलाच्या टोकाला बसवायची पद्धत मला कधीच पटली नाही. टोकावर माणूस अध्यक्षासारखा दिसतो आणि दोघांशीच बोलू शकतो. मध्यभागी बसवा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गटांत त्याचा पाय राहतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याला पाठीमागे भिंत येईल असं बसवा, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून कोणालाच बसवू नका.

सरप्राइज: जागा लपवा, रीत लपवू नका

बाबांच्या प्रकरणानंतर आमच्याकडे हा कायदाच झाला. कुठे जायचं ते गुपित ठेवलं तर हरकत नाही. पण तिथे आपल्याशी कसं वागतील, आपल्याला काय करावं लागेल, हे उत्सवमूर्तीला आधी कळलंच पाहिजे.

टोकियोत २०१७ मध्ये एक तात्पुरतं रेस्टॉरंट चालवलं गेलं. तिथे वाढणारी माणसं स्मृतिभ्रंश असलेली होती आणि 'चुकीच्या ऑर्डरींचं रेस्टॉरंट' अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. मागवलेलं एक आणि आलेलं दुसरं असं तिथे खूपदा झालं. तरी लोक चिडले नाहीत, हसून खाल्लं, कारण काय होऊ शकतं हे दारावरच्या पाटीवरच लिहिलेलं होतं. हेच जर न सांगता झालं असतं, तर प्रत्येक टेबलावर भांडण झालं असतं.

पाहुण्यांना निरोप धाडताना लांबड लावू नका. मी साधारण असं लिहितो: "शनिवारी ७ वाजता दारात भेटू. वर चढायला १८ पायऱ्या आहेत, कठडा आहे. आत काळोख असतो, वेटर चेष्टा करतात, मनावर घेऊ नका, उलट उत्तर द्या. फोन चालत नाही. जेवण ८ ला येईल, मुलांना घरून थोडं खाऊ घालून आणा. अॅलर्जी असेल तर गुरुवारपर्यंत मला कळवा." एवढं पुरतं. गुरुवार लिहायचा, म्हणजे शुक्रवारपर्यंत येतं.

दोन वर्षांनी बाबा स्वतःच म्हणाले, "त्या आगाऊ पोरांच्या हॉटेलात जाऊ या." या वेळी ते आठवडाभर तयारी करून गेले होते. वेटर म्हणाला, "काका, मागच्या वेळी रुसून गेला होतात ते तुम्हीच ना?" बाबा म्हणाले, "हो, आणि तू अजून इथेच आहेस? बढती नाही का दिली कोणी?" वेटरला उत्तर सुचलं नाही. बाबांनी तो किस्सा त्यानंतर निदान चाळीस वेळा सांगितला असेल.

केक, मेणबत्त्या आणि धूर

बाहेरचा केक आणू देतात का, त्याचे वेगळे पैसे घेतात का, फ्रीजमध्ये जागा आहे का, सुरी आणि बश्या कोण देणार, हे चारही प्रश्न आधीच विचारा. क्रीमचा केक फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एकच तास. हॉटेलचा फ्रीज भरलेला असेल तर बिनक्रीमचा केक आणा किंवा हॉटेललाच करायला सांगा.

फुंकर मारून मेणबत्त्या विझवणं आता काही घरांत नकोसं झालं आहे, आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात २०१७ साली हे मोजून पाहिलं. फुंकरीनंतर केकवरच्या आयसिंगमधले जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढलेले आढळले. निरोगी माणसांना याने सहसा काही होत नाही, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. टेबलावर कोणाचं औषधोपचारांमुळे प्रतिकारबळ कमी झालेलं असेल तर एक सोपी युक्ती करा. छोटा कपकेक वेगळा घ्या, मेणबत्ती त्यावर लावा, फुंकर त्यावर. मोठा केक बाजूला झाकलेला.

खरी भीती मला आगीची वाटते, आणि विचित्र हॉटेलात ती जास्त असते. छताला कापडी झुली, वाळलेलं गवत, कागदी कंदील, थर्माकोलचे ढग, हे सगळं पेटतं. ठिणग्या उडवणारी फुलबाजीसारखी मेणबत्ती अशा छताखाली लावू देऊ नका. धातूच्या भुकटीच्या ठिणग्या हजार अंशांच्या आसपास तापलेल्या असतात. फेसाचा फवारा तर मेणबत्ती पेटलेली असताना डबीतून बाहेरच काढायचा नाही. त्यातला फेस ढकलणारा वायू पुष्कळदा ब्युटेन किंवा प्रोपेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ, आणि तो आपण चेहऱ्यावर मारतो. फुगे हवेत तरंगणारे हवे असतील तर हेलियमचेच आहेत ना, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. हायड्रोजन स्वस्त पडतो आणि मेणबत्तीजवळ भडकतो.

पांढरा धूर सोडत येणारे पेले आणि बश्या हा अशा जागांचा आवडता खेळ. धूर कशाचा आहे ते विचाराच. शुष्क बर्फ (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८.५ अंश थंड असतो, द्रवरूप नायट्रोजन उणे १९६. धूर पाहायला हरकत नाही. पण शुष्क बर्फाचा तुकडा पेल्यात तरंगत असेल तर तो विरेपर्यंत ओठाला लावायचा नाही, आणि मुलांच्या हातात तर द्यायचाच नाही. द्रवरूप नायट्रोजनचं वायूत रूपांतर झालं की तो सुमारे ७०० पट फुगतो. इंग्लंडमध्ये २०१२ साली अठराव्या वाढदिवसाला अशा पेयाचा घोट घेतलेल्या मुलीचं जठर काढावं लागलं होतं. ही माहिती मी टेबलावर सांगत नाही, उगाच वातावरण बिघडतं. वेटरला मात्र आधीच सांगून ठेवतो की आमच्याकडे धूरवालं काही नको.

आणि ते 'हॅपी बर्थडे'चं गाणं. बऱ्याच साखळी रेस्टॉरंटांत कर्मचारी वाढदिवसाला नेहमीचं गाणं न म्हणता स्वतःचंच टाळ्यांचं काहीतरी ओरडायचे, त्याला एक मजेशीर कारण होतं. त्या चालीचं मूळ १८९३ मध्ये केंटकीतल्या हिल भगिनींनी बालवर्गासाठी केलेल्या गाण्यात आहे, पण वाढदिवसाच्या शब्दांवर अमेरिकेत एका कंपनीचा मालकी हक्क मानला जाई आणि धंद्याच्या जागी ते म्हणायला पैसे मोजावे लागत. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो हक्क अमान्य केला. तेव्हा आता वेटरांना बिनधास्त म्हणू द्या, उत्सवमूर्ती लाजरी नसेल तर.

त्या संध्याकाळी

तुम्ही स्वतः वीस मिनिटं आधी पोचा. टेबल बघा, डगमगत असेल तर पायाखाली कागदाची घडी घाला, केक फ्रीजमध्ये द्या. मुख्य पदार्थ आदल्या दिवशीच ठरवून दिलेले असावेत. बारा माणसांनी टेबलावर बसून मेन्यू वाचायला घेतला की पाऊण तास गेलाच. तरी दोन-तीन पदार्थ तिथे निवडायला शिल्लक ठेवा, नाहीतर लोकांना पंगतीत बसल्यासारखं वाटतं. मुलांचं ताट आधी मागवा. भुकेलं मूल नाटक करणाऱ्या वेटरला अजिबात दाद देत नाही.

केक शेवटी कापायचा हा हट्ट सोडा. मुलं पेंगुळलेली असतात, आजोबांना घरी जायचं असतं आणि पोट भरल्यामुळे केक कोणी खात नाही. पहिल्या बश्या संपल्या आणि मुख्य जेवण यायचं आहे, त्या मधल्या वेळेत कापा. सगळे जागे असतात आणि फोटोही तेव्हाच चांगले येतात. सगळ्यांचा एकत्र फोटो तर बसण्याआधी दारातच काढून घ्या. आत उजेड नसतो आणि नंतर कोणी उठत नाही. भेटवस्तू तिथे उघडू नका. टेबलावर जागा नसते, रंगीत कागद रश्शात पडतात आणि कोणी काय दिलं याची नकळत तुलना होते.

काहीतरी बिनसणारच. कोणाला कोंडल्यासारखं होईल, एखादं मूल मुखवटा घातलेल्या वेटरला बघून रडेल. त्यासाठी एका माणसाला आधीच नेमून ठेवा, ज्याचं काम बाहेर नेऊन बसवणं एवढंच. आमच्याकडे हे काम माझ्या मेहुण्याकडे असतं, कारण त्याला असंही बाहेर जायचंच असतं.

बिल

पैसे कोण देणार हे घरून निघण्याआधी ठरलेलं असू द्या. टेबलावर "मी देतो, मी देतो" ही ओढाताण उत्सवमूर्तीसमोर नको. देणाऱ्याने मध्येच हात धुवायच्या निमित्ताने उठून गल्ल्यावर सांगून यावं की बिल टेबलावर आणू नका. मोठ्या गटाच्या बिलात सेवाशुल्क कधी कधी आधीच धरलेलं असतं, ते बघूनच बक्षिसी ठेवा. बिलावरच्या ओळी एकदा डोळ्यांखालून घाला. केकच्या बश्यांचे पैसे दोनदा लागलेले मी तीन वेळा पाहिले आहेत, मुद्दाम नव्हे, गडबडीत.

निघताना एकाने सगळ्यात शेवटी राहून टेबलाखाली आणि खुर्च्यांच्या पाठीवर नजर टाकायची. श्रवणयंत्राची डबी, चष्मा, मुलाचा एक बूट, उरलेला केक. मग मालकाचं कार्ड मागून घ्या आणि मागे तिथेच लिहून ठेवा: टेबल क्रमांक, कोणत्या वेटरने सांभाळून घेतलं, कुठला पदार्थ परत मागवायचा नाही.